हौदाला कुलूप आणि ओट्यावर तेहेतीस भांडी

चिपळूणहून निघताना मी लेकीला एकच कबूल केलं होतं. पंधरा दिवस. केतकी छत्रपती संभाजीनगरला असते, वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात. सिडकोत, एन-सहाला, भाड्याच्या घरात एकटीच राहते. गेल्या वर्षी मी परसात घसरून आपटले आणि तेव्हापासून तिचं एकच टुमणं सुरू झालं. "आई, एक तर तू इकडे ये, नाहीतर मी नोकरी सोडून चिपळूणला येते." ती बोलेल तसं करणारी आहे. ही नोकरी मिळवायला तिने किती उंबरठे झिजवले ते मी बघितलंय, त्यामुळे ती तिने माझ्या गुडघ्यापायी सोडावी हे मला पटणारं नव्हतं. पण बासष्टाव्या वर्षी अख्खं बिऱ्हाड उचलून अनोळखी गावात जायचं, हेही काही घशाखाली उतरत नव्हतं.

"पाहुणी म्हणून येऊ नकोस," केतकी म्हणाली. "वेरूळ-अजिंठा नंतर बघू. इथली म्हणून राहून बघ. नाही जमलं तर मी राजीनामा देते."

तेव्हा लेणी बघायला निघाला असाल, तर हे लिखाण तुमच्या उपयोगाचं नाही. रिक्षा कुठून मिळते, भाजी कुठे घ्यावी आणि शेजारणीशी कसं वागू नये, एवढंच मला सांगता येईल. त्यातलंही निम्मं मला अजून कळलेलं नाही.

चिपळूण ते पुणे एसटी, मग पुण्याहून पुढची एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाची चिंता नाही, चिंता कमरेची. पुण्यापासून साधारण सहा तास धरा. बसच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर, कंडक्टर 'संभाजीनगर संभाजीनगर' म्हणून ओरडतोय, शेजारची बाई फोनवर 'औरंगाबादला निघाले' सांगतेय, आणि मागचा म्हातारा नुसतं 'शहरात' जायचंय म्हणतो. मी आपली सगळ्यांकडे बघून मान हलवली. उतरायचं एकाच ठिकाणी होतं.

पहिले दोन दिवस मी फक्त हरवले. इथे शेअरिंगच्या रिक्षा चालतात. मागे तिघं, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक, आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नाही. अंतराप्रमाणे दहा-वीस रुपये. सुटे जवळ ठेवा. हात केला की रिक्षा थांबते, तुम्ही ठिकाण सांगायचं, ड्रायव्हरने मान हलवली तर बसायचं, नुसतं पुढे बघितलं तर नाही बसायचं. 'सेव्हन हिल'ला उतरा असं कुणी सांगितलं म्हणून मी उतरून टेकड्या शोधल्या. तिथे उड्डाणपूल आहे. सिडकोच्या सेक्टरांना एन-एक, एन-दोन असे आकडे आहेत, पण ते ओळीत असतील अशा भ्रमात राहू नका. एन-पाचची पाटी दिसली म्हणून एन-चार शेजारीच असणार असं मी धरून चालले, तर मधे अख्खा जालना रोड. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. मेलं ते सगळं इथे फुकट गेलं.

आता मुख्य गोष्ट. इथे पाणी रोज येत नाही. ते आठवडाभराने येतं, तेवढ्या वेळात अंगणातल्या जमिनीखालच्या हौदात भरून घ्यायचं, आणि मग तो हौद पुढचा आठवडा पुरवायचा. आमच्या चिपळुणात पाणी न बोलावता घरात शिरतं, त्यामुळे पाण्याची वाट बघायची असते हेच मला नवीन. केतकीने बजावलं होतं, "शुक्रवारी दोननंतर पाणी आहे. मी शिफ्टला असेन, फोन लॉकरमध्ये. तू घरी थांब, नळ सोडून पाइप हौदात टाक. बस."

बुधवारी दुपारी मी खिडकीत भाजी निवडत होते. फाटक वाजलं. एक उंच, चष्मेवाले गृहस्थ सरळ अंगणात आले, हौदाचं लोखंडी झाकण उचललं, वाकून आत बघितलं, झाकण लावलं आणि निघून गेले. माझी तर पाचावर धारण बसली. ओळख ना पाळख, कुणीही येऊन पिण्याच्या पाण्यात बघतो म्हणजे काय? बघितलं तर झाकणाला कडी होती, कुलूप नव्हतं. त्याच संध्याकाळी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून चांगलं दणकट कुलूप आणलं, हौदाला लावलं आणि किल्ली पाकिटात टाकली. केतकी दमून आली होती, तिला सांगायचं राहूनच गेलं.

शुक्रवारी सकाळी मला वाटलं, दोनपर्यंत वेळ आहे, गुलमंडी बघून येऊ. जाताना काही अडचण आली नाही. गुलमंडी बघाच. कापड, भांडी, बांगड्या, जिलबीच्या जातीची गरम इम्रती, आणि त्या गर्दीत सगळ्यांना आपापला रस्ता बरोबर सापडतो, मी सोडून. पावशेर इम्रती घेतली. मग कुठल्या तरी दरवाजापाशी आले. या शहराला बावन्न दरवाजे आहेत म्हणतात. मी आत आहे की बाहेर, हेच मला समजेना. शेवटी पांढऱ्या दाढीच्या एका रिक्षावाल्याला म्हटलं, "सिडको."

"बैठो खाला," तो म्हणाला. खाला म्हणजे मावशी, एवढं मला कळलं.

त्याने मला सिडकोच्या बसस्टँडवर उतरवलं. मला घरी जायचं होतं, आणि मी नुसतं सिडको म्हणाले होते. चूक माझी. तिथून चालत, विचारत, दोनदा त्याच बागेला वळसा घालून घरी पोचले तेव्हा सव्वा वाजला होता. अजून पाऊण तास हातात आहे म्हणून मनात हुश्श केलं.

फाटक उघडलं आणि जागीच थांबले. ओट्यावर, पायऱ्यांवर, कुंड्यांच्या मधे, सगळीकडे भांडी. बादल्या, घागरी, कुकरचे डबे, पातेली, दुधाचा कॅन, बाळाला आंघोळ घालायचा गुलाबी टब. सगळी काठोकाठ भरलेली, वर ताटल्या झाकलेल्या. माझ्या डोक्यात एवढंच आलं की मी चुकीच्या घरात शिरलेय. बाहेर जाऊन नंबर वाचून आले.

पलीकडच्या भिंतीवरून एक बाई बघत होत्या. पन्नाशीच्या, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. "या," त्या म्हणाल्या. "पाणी साडेधाला आलं अन बाराला गेलं."

"पण दोन वाजता येणार होतं ना?"

"पाणीच ते. कधी लवकर येतंय, कधी उशिरा. तुम्ही कुठं गेलत्या?"

मी इम्रतीची पिशवी वर केली. दुसरं काय सांगणार?

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या साळवेबाई. या गल्लीत पाण्याच्या दिवशी घराला टाळं असलं, तर शेजारचा आपला पाइप भिंतीवरून टाकून त्याचा हौद भरतो. आमच्या दुसऱ्या बाजूच्या नर्सबाईंची ड्युटी असते, कुणाचं लग्न असतं, कुणी दवाखान्यात असतं, म्हणून कुठल्याच हौदाला कुलूप नसतं. आणि आदल्या एक-दोन दिवसांत साळवेबाईंचे यजमान, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, सगळे हौद बघून ठेवतात, कुणाला किती लागेल त्याचा अंदाज यावा म्हणून.

"मी पाइप घेऊन आले तं कुलूप," साळवेबाई म्हणाल्या. "हे म्हणाले तोडू. मी म्हणलं, नवीन माणसाचं कुलूप कसं तोडायचं? म्हणून मग गल्लीत सांगितलं, ज्याच्याकडं जे भांडं हाय ते आणा."

मग त्यांनी विचारलं, "आमच्या मालकांनी वाकून बघितलं, म्हणून लावलं व्हय?"

मला खोटं बोलता आलं असतं. लहान मुलं आत पडतील म्हणून लावलं, असं तोंडावर आलंही होतं. पण त्या बाईचे हात अजून ओले होते. "हो," मी म्हटलं. "चुकलं माझं." त्या तशाच भिंतीमागे गेल्या. मला इतकी लाज बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती.

केतकी चार वाजता आली. भांडी बघून पायरीवरच बसली. सगळं ऐकल्यावर हळूच म्हणाली, "राहू दे आई. तुला नाही जमत आहे. मी सोमवारी ऑफिसात बोलते."

"आधी भांडी परत करू दे," मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि तिला ते दिसू द्यायचं नव्हतं.

पाणी हौदात ओतलं तर तळ तेवढा झाकला. भांडी मोजली, तेहेतीस. रिकामं भांडं परत द्यायचं नाही हे आईने शिकवलेलं. बरं तर बरं, पिशवीभर कोकम, कुळथाचं पीठ आणि फणसपोळी मी लेकीसाठी आणली होती. फणसपोळीचे एवढे एवढे तुकडे केले. पण कुठलं भांडं कुणाचं? तुम्हाला वाटेल, स्टीलच्या भांड्यावर नाव कोरलेलं असतंच की. असतं. 'कै. तुळसाबाई यांचे स्मरणार्थ.' आता कैलासवासी तुळसाबाईंचं दार मी कुठे वाजवणार? 'चि. सौ. कां. रेखा हिस मामाकडून, बिडकीन.' गल्लीत तीन रेखा निघाल्या आणि तिघींनाही बिडकीनचे मामा नव्हते. ते पातेलं एका चौथ्याच घरात कुणाच्या तरी बारशाला आलं होतं आणि तिथेच राहिलं होतं.

तर वाचकहो, शहर ओळखायचं असेल तर नकाशा ठेवून द्या आणि दुसऱ्याची भांडी परत करत फिरा. मी चार दिवस तेच करत होते. गुलाबी टबवाल्या घरात मला बाळ मांडीवर दिलं आणि आई अर्धा तास झोपली. दुधाच्या कॅनवाले म्हातारे पैठणकडच्या एका खेड्यातले निघाले. "शेळ्या गेल्या, कॅन ऱ्हायला," म्हणाले, आणि फणसपोळी बराच वेळ चघळून विचारलं, "हे कशाचं कातडं हाय?" एका डेगचीवर उर्दूत नाव होतं, मला वाचता येईना. मागच्या गल्लीत विचारत गेले तर दारात पांढरी दाढी.

"अरे, सिडकोवाली खाला!" तोच रिक्षावाला. शेखचाचा. "तुम सिडको बोले, मैं सिडको छोड़ा. एन-छे बोलते तो घर तक लाता. मैं भी इधरच रहता."

त्यांच्या घरून नान खलिया खाल्ल्याशिवाय सुटका झाली नाही. तो मटणाचा रस्सा फार तिखट नसतो, नानबरोबर कुस्करून खायचा. हॉटेलातला मी खाल्लेला नाही, त्यामुळे तुलना विचारू नका. कोकमाचं काय करायचं ते चाचींना मी दोनदा सांगितलं. त्या चहात घालतील अशी मला अजून भीती आहे.

साळवेबाईंची घागर मी सगळ्यात शेवटी नेली. साळवेदादा पेपर वाचत होते. मी कुलूप आणि किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. "हे तुमच्याकडेच ठेवा," मी म्हटलं, "म्हणजे मला परत लावता येणार नाही."

त्यांनी कुलूप हातात घेऊन बघितलं. "माल चांगला हाय," म्हणाले. "सायकलला होईल." साळवेबाई हसल्या आणि चहा टाकायला उठल्या.

आता एक तपेली तेवढी उरली. छोटीशी, काठाला पोचा, बुडाशी कोरलेलं 'द्रौपदाबाई, पैठण.' गल्लीतल्या एकाही घराने ती आपली म्हटली नाही. साळवेबाईंनीही उलटीसुलटी करून बघितली. "कुणाची काय म्हाईत. सापडंल धनी. तवर तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

पुढच्या शुक्रवारी मी सकाळी सहापासून ओट्यावर बसून होते. पाणी तीनला आलं. आमचा हौद भरला आणि मग नर्सबाईंच्या घराला टाळं दिसलं, म्हणून पाइप भिंतीवरून तिकडे टाकला. कुणी सांगितलं नव्हतं. अर्धं पाणी माझ्या साडीवर सांडलं.

शनिवारी परत निघाले. साळवेबाईंनी प्रवासासाठी धपाटे दिले, तेही आमच्याकडची ती तपेली मागून नेऊन, तिच्यातच भरून. केतकी स्टँडवर सोडायला आली. "मग?" तिने विचारलं. मी म्हटलं, घरी जाऊन सांगते. खरंच माहीत नव्हतं. माणसं लागली होती जिवाला, पण दोन आठवड्यांच्या गोडव्यावर घर मोडायचं का?

चिपळूणला येऊन आठवडा झाला. नळ रोज येतो. त्याचं कुणाला काही सांगायला जावं लागत नाही, आणि कुणी मला सांगायलाही येत नाही. पडले होते तेव्हा दूधवाला येईपर्यंत दोन तास मी परसात तशीच पडून होते, हे मी केतकीला कधी सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहितेय.

काल दुपारी फोन आला. "जय भीम मावशी, साळवे बोलतेय. पाणी यायलंय, केतकीचा हौद भरायला लावला. कशा हायत?"

बरी आहे म्हटलं. मग आठवण झाली. "अहो, ती तपेली माझ्याकडेच आली. द्रौपदाबाई सापडल्या का?"

पलीकडून पाइपाचा आवाज येत होता. "द्रौपदाबाई माझी माय," साळवेबाई म्हणाल्या. "म्या मुद्दामच नाय म्हणले. सगळी भांडी देऊन टाकल्यावर माणूस परत कशाला येतंय?"

फोन ठेवल्यावर मी तपेली खाली काढली. घासलेलीच होती, तरी परत घासली. संध्याकाळी केतकीचा फोन आला तेव्हा मी ती कोकमाने भरत होते.

"आई, काय ठरवलंस?"

"एक भांडं द्यायचं राहिलंय," मी म्हटलं. "तिकीट फक्त यायचं काढ."