कोरडी बाही

धरणाच्या भिंतीच्या पायथ्याशी एक लांबट खोली होती. बाहेरून गोदाम वाटावं अशी, पण आत बारा महिने उबदार. छताला आडव्या दोऱ्या बांधलेल्या आणि दोऱ्यांवर माणसांच्या आकाराचे जाडजाड कपडे लटकलेले. हात, पाय, धड सगळं एकसंध, फक्त वर डोकं नाही. पहिल्यांदा दार उघडून आत येणारा माणूस हमखास दचकायचा.

"या, या. ते चावत नाहीत," आतून आवाज यायचा. तो वहिनींचा.

धरणाच्या तोंडाशी पाण्याखाली लोखंडी जाळ्या असतात. त्यांच्यात ओंडके, गाळ, झाडांच्या मुळ्या अडकतात. त्या मोकळ्या करायला पाणबुड्यांची टोळी होती. पाणी डोंगरावरच्या बर्फाचं. त्यात हात घातला तर बोटं आपली आहेत की शेजाऱ्याची ते कळू नये. म्हणून पाणबुडे गळ्यापासून पायापर्यंत बंद असा रबरी सूट चढवायचे. पण रबर पाणी तेवढं बाहेर ठेवतं. ऊब हवी तर ती आतल्या कपड्यांनी राखायची. ते आतले कपडे कुणाला कोणते द्यायचे, ते धुवायचे कसे, वाळवायचे कसे, उसवलं तर शिवायचं कुठे, हे सगळं वहिनींकडे.

त्या या खोलीत आल्या त्या नवऱ्यामागे. नवरा टोळीतला सगळ्यात जुना पाणबुड्या. त्याला सगळे 'भट्टी' म्हणत. बाकीचे पाण्यातून दात वाजवत वर यायचे. हा वर आला, सूट उतरवला की अंगातून वाफा निघायच्या. मुकादम त्याच्या पाठीला हात लावून शेकून घ्यायचा. "वहिनी, याला घरी शेगडीसारखं वापरता की नाही?" असं तो भर टोळीत विचारायचा आणि वहिनी लाजून चूर व्हायच्या. पण खोटं काय त्यात? थंडीच्या दिवसांत त्या आपले गार तळवे नवऱ्याच्या पोटऱ्यांना लावूनच झोपत.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मायेपोटी एक घोळ करून ठेवला होता. नवऱ्याला थंडी वाजू नये म्हणून सुताचं नवंकोरं बनियन घातलं, वर गोधडी - टोळीत त्या जाड कपड्याला गोधडीच म्हणत - आणि पायांत मोज्यांवर मोजे. सुताने घाम पिऊन घेतला आणि ओल्या फडक्यासारखा अंगाला चिकटवून ठेवला. मोज्यांनी बूट असे आवळले की पायांची बोटं निळी पडली. तो वर आला तो लंगडतच.

"कुणी चढवले तुला कपडे?" मुकादमाने विचारलं.

"बायकोने."

"काय रे केलंस तिचं, की ती सूड उगवतेय?"

टोळी पोट धरून हसली. वहिनी घरी येऊन रडल्या आणि दुसऱ्या दिवशी थेट त्या खोलीत जाऊन उभ्या राहिल्या. "मला दाखवा, कसं असतं ते." तेव्हापासून त्या तिथल्याच झाल्या.

शिकता शिकता त्यांना कळलं की ऊब लोकरीत नसते, लोकरीत अडकून बसलेल्या हवेत असते. कपडा अंगाला आवळला की ती हवा जाते आणि तिच्याबरोबर ऊबही. म्हणून अंगालगत पातळ लोकरीचं, ज्यातून घाम बाहेर निघून जाईल. वर गोधडी, पण सैल. कुणालाही कपडे दिले की त्या त्याला उकिडवं बसवत, हात डोक्यावर घ्यायला लावत, त्याचं बोट त्याच्याच खांद्याच्या मागे पोचतंय का बघत.

"वहिनी, लग्नाला नाचायला चाललोय का मी?" काडी कुरकुरायचा. काडी म्हणजे टोळीतला सगळ्यात सडपातळ पाणबुड्या, तोंडाने सगळ्यात जाड.

"पाण्यात वाकताना गोधडी पाठीत ताणली ना, तर नाचशीलच. बस खाली."

बाही मनगटाच्या रबरी पट्टीच्या वर सारली आहे ना, हे त्या स्वतः बघत. पट्टीखाली एक धागा जरी राहिला तरी त्याच्या वाटेने पाणी आत येतं. गोधडी जाड दिली तर कमरेच्या शिशाच्या पट्ट्यात वजन वाढवायला सांगत, नाहीतर माणूस खाली जायचाच नाही, बुचासारखा वर तरंगेल. खोलीत आल्यापासून इतकी वर्षं त्यांच्या हातून कपडे घालून गेलेला माणूस थंडीने आखडून वर आला, असं झालं नव्हतं. त्यांना त्याचा मनातल्या मनात अभिमान होता. बोलून दाखवत नसत एवढंच.

आणि मग त्यांच्या स्वतःच्या माणसाला थंडी वाजायला लागली.

सुरुवात घरातच झाली. तो चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसायला लागला. मोजे घालून झोपायला लागला. वहिनींनी एकदा सवयीने तळवे त्याच्या पोटऱ्यांना लावले तर पोटऱ्याच त्यांच्यापेक्षा गार. पट्टा कमरेला सैल व्हायला लागला. "अहो, डॉक्टरकडे जाऊन या," त्या म्हणत. "वय झालं की माणूस वाळतोच," तो म्हणे आणि विषय बदले.

मग पाण्यातूनही तो लवकर वर यायला लागला. "गोधडी विरलीय तुझी. नवी दे," म्हणाला. वहिनींनी दिली. पुढच्या वेळी म्हणाला, "आत अजून एक घालू दे." आपण दुसऱ्याला दटावलं असतं, हे त्यांना कळत होतं. तरी दिलं. तो आवळून निघाला आणि आणखीच गारठला. तेव्हा त्यांनी ठरवलं, आता नीट करायचं. खोलीतली एकही गोधडी त्याच्या उतरलेल्या अंगाला बसत नव्हती, म्हणून त्यांनी स्वतः शिवायला घेतली. होती त्यातली सगळ्यात जाड, सगळ्यात फुगीर लोकर निवडली. पाठीत भरपूर सोडलं, बगलेत तुकडा जोडला, मानेजवळची शिवण बाहेरच्या बाजूला घेतली, ती दाबाखाली रुतते म्हणून. शिवताना एकच विचार डोक्यात घोळत होता. यात त्याला ऊब राहिली तर तो पाण्यात राहील. पाण्याबाहेर त्याचं काय होईल, हे त्यांना नको तितकं ठाऊक होतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तो भिंतीवर जाऊन पाण्याकडे बघत उभा राहणारा माणूस.

मुकादमाने त्याआधीच त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. तो आणि भट्टी एकाच वर्षी टोळीत आलेले. "वहिनी, मी किती दिवस कानाडोळा करू? सूट गळत असेल, कपडा चुकत असेल, तर दुरुस्त करू, काही बिघडत नाही. पण तसं नसेल, तर मी त्याला पुन्हा खाली सोडणार नाही. एखाद्या दिवशी जाळीपाशीच हात आखडले, तर वर कोण आणणार त्याला?"

"कपडाच चुकतोय, भावजी," वहिनी म्हणाल्या. "या वेळी बघा तुम्ही."

नवी गोधडी घालून तो उतरला त्या सकाळी वहिनींनी सगळं दोनदा तपासलं. बाही, मान, कमर, शिसं. त्याला उकिडवं बसवलं. "हलकं वाटतंय," तो हसून म्हणाला. "छान शिवलंयस गं."

वर त्याची दोरी धरायला काडी होता. जाळी निम्मीसुद्धा मोकळी झाली नसेल, दोरीला लागोपाठ दोन झटके आले. म्हणजे वर घ्या. तो शिडीपाशी आला, पण शिडी धरता येईना. काडीने आणि मुकादमाने बगलेत हात घालून उचलला. ओठ जांभळे, जीभ जड. खोलीत आणून बाकावर बसवला. वहिनींनी सूटची पाठीवरची चेन उघडली, गोधडी उतरवली, अंगावर कांबळी टाकली. काडी गरम पाण्याच्या पिशव्या भरायला धावला.

मुकादम दारात उभा राहिला. "सूट गळला का?"

"गळला," तो थरथरत म्हणाला. "डाव्या मनगटातून. मला कळलं पाणी आत येताना. बाही बघ, अगं. ओली आहे बघ."

वहिनींनी बाही उलटी करून हात फिरवला. ओली! ओली लागतेय. म्हणजे नुसती रबरी पट्टीच बदलायचीय. पुढच्या आठवड्यात…

पण गार कापड हाताला नेहमी ओलंच लागतं. इतक्या वर्षांत किती पाणबुड्यांना त्यांनी हेच सांगितलं होतं. ओल हाताने बघायची नसते. त्यांनी टेबलावरचा टिपकागद फाडला, बाहीत घातला आणि दोन्ही तळव्यांमध्ये दाबून धरला. मनगटाशी. कोपराशी. बगलेत त्यांनीच जोडलेल्या तुकड्याशी. मग पाठीला, गुडघ्यांना.

कागद जसाच्या तसा पांढरा निघाला.

मुकादम कांबळं आणायला कपाटाकडे वळला. तेवढ्यात नवऱ्याने टेबलाकडे पाहिलं. तिथे पाण्याचा पेला होता. त्याने वहिनींकडे पाहिलं, पुन्हा पेल्याकडे. "थोडंसं," तो पुटपुटला. "मनगटापाशीच. एवढी एक वेळ, गं."

कपड्यांखेरीज त्याने आयुष्यात त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं. साडी आणली तर आपणहून, रुसला तर आपणहून निवळला. वहिनींचा हात पेल्याकडे गेलासुद्धा. बोटांना काच लागली. कपड्यात काही खोट नव्हती, हे आता त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी आयुष्यात शिवलेला सगळ्यात चांगला कपडा होता तो. पण कपडा काही ऊब तयार करत नाही. अंगात असेल तेवढीच तो राखून ठेवतो.

त्यांनी पेला उचलला आणि त्याच्या ओठांना लावला. तो प्यायला नाही.

"कोरडी आहे, भावजी," त्या मुकादमाला म्हणाल्या. "सगळीकडे बघितलं. आतून पूर्ण कोरडी आहे."

मुकादमाने हातातलं कांबळं भट्टीच्या खांद्यांवर टाकलं. "बरं," म्हणाला. मग पुन्हा, "बरं."

डॉक्टरांनी पुढे आजाराची नावं सांगितली, औषधं दिली, थंडीपासून जपा म्हणाले. नवरा घरी बसला. वहिनींशी बोलणं त्याने टाकलं नाही. तसं केलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. तो फक्त हवं-नको तेवढं बोलायचा. मीठ कमी आहे. दार लाव. वहिनी सकाळी खोलीवर जायला निघाल्या की तो खिडकीकडे तोंड करून बसायचा. भिंतीवर गेला नाही तो एकदाही.

जाळी अर्धीच राहिली होती. ती पुरी करायला काडीला उतरवायचं ठरलं. पाणी आणखी गार झालं होतं आणि काडीच्या सडपातळ अंगाला बसेल अशी जाड गोधडी खोलीत एकच होती.

"वहिनी, ही नको," काडी म्हणाला. त्या दिवशी त्याला एकही विनोद सुचला नाही. "जुनीच द्या. चालेल मला."

"नाही चालणार. हात वर कर."

संध्याकाळी त्या घरी आल्या. नवरा अंधारातच बसला होता. त्यांनी दिवा लावला, चहा टाकला.

"झाली का जाळी?" त्याने विचारलं. त्या दिवसानंतर कामाबद्दल पहिल्यांदाच.

"झाली."

"कोण उतरलं?"

"काडी."

"आत काय होतं त्याच्या?"

वहिनींनी चहात साखर टाकली. "तुमच्यासाठी शिवलेली."

चहा उतू जायला आला तो त्यांनी खाली घेतला, गाळला, पेला त्याच्यापुढे ठेवला.

"गारठला नाही ना तो?"

"नाही. घाम आलेला वर आला तेव्हा."

"हं," तो म्हणाला. त्याने पेला दोन्ही हातांत धरला आणि मान खाली घातली. वहिनी त्याच्या शेजारी बसल्या. त्याचे खांदे हलायला लागले तेव्हा त्यांनी त्याच्या हातातला पेला हळूच काढून घेतला, सांडू नये म्हणून, आणि तो रडून होईपर्यंत पेला तसाच धरून बसल्या.