दोन्हीकडून लिहिलेली वही

जपानमधल्या फुनाबोरीच्या आमच्या इमारतीत शुक्रवारी सूर्य मावळला की शालोममावशींचं पेन बंद होई, ते शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत. एरवी त्या पेनाशिवाय दिसत नसत. मूळच्या रेवदंड्याच्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू; शनिवार हा त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी लिहिणंसुद्धा वर्ज्य. बाराव्या वर्षी आईवडिलांबरोबर इस्रायलला गेल्या आणि पुढे हिब्रूत कविता आणि कादंबऱ्या लिहू लागल्या. लेक रीना आणि जावई नोकरीसाठी जपानला आले, त्यांच्या मागोमाग मावशीही आल्या. जिन्यात भेटल्या की "शालोम" म्हणत आणि पुढच्याच दमात "जेवलीस का गं?" त्यावरून पोरांनी नाव पाडलं.

त्यांची मराठी रेवदंड्यातच थांबली होती. मराठीत का लिहीत नाही, असं मी एकदा विचारलं. "मराठीत माझी आई मला रागावते," त्या म्हणाल्या. "हिब्रूत मला कोण ओळखतंय? तिथं खरं बोलता येतं." लेखक असंच काहीतरी बोलतात आणि आपण मान डोलवायची असते, म्हणून मी डोलवली.

शनिवारी आमच्याकडे रद्दीचा ट्रक येतो, साडेआठच्या आत. मावशी त्या दिवशी ओझं उचलत नसत. वर्तमानपत्रं शुक्रवारीच बांधून दाराशी ठेवत, आणि मी खाली नेई. एका शनिवारी गठ्ठ्यावर एक वही पडलेली होती. उघडून पाहिली. पोहे, कोथिंबीर, ओला नारळ, सगळं मराठीत आणि सगळ्यावर काट मारलेली. पुढची पानं कोरी. जपानमध्ये सहा वर्षं काढली की कचरा वेगळा करायची शिस्त अंगात येते, अक्कल येतेच असं नाही. मी वही सुतळीखाली खोचली आणि ट्रकवाल्याला कमरेत वाकून नमस्कारही केला.

नऊ वाजता मावशी माझ्या दारात उभ्या. तीच वही त्या शोधत होत्या. मी ती उजवीकडून उघडली असती तर कळलं असतं. किराण्याच्या याद्या डावीकडून, कादंबरी उजवीकडून, हिब्रू लिहितात तशी. शेवटचं प्रकरण, तीन महिन्यांचं काम, आणि दुसरी प्रत नाही. मी अनवाणी खाली धावले. कोपऱ्यावर, कावळ्यांनी कचरा उचकटू नये म्हणून टाकतात ती जाळी तेवढी घडी घालून ठेवलेली. ट्रकवाल्यांच्या कचेरीत फोन लावून मोडक्यातोडक्या जपानीत रडले. पलीकडच्या बाईंनी चारदा माफी मागितली, जणू चूक त्यांचीच होती, आणि सांगितलं की आता काही हाती लागणार नाही.

मावशी ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आपल्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, डोळे मिटून. "डोक्यात आहे अजून," त्या म्हणाल्या. "पण संध्याकाळपर्यंत राहील, याचा भरवसा नाही. हल्ली काही राहत नाही." तारे दिसायला आठ तास होते. तोवर त्यांना लिहिता येत नव्हतं, मला लिही म्हणणंही नियमात बसत नव्हतं. मग त्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली. "मी आपली बोलणार आहे. मागे कोण काय करतं, ते मला दिसत नाही."

घरून वही आणून मी त्यांच्या पाठीमागे बसले. त्या मराठीत बोलू लागल्या. देश सोडून निघालेली एक मुलगी, धक्क्यावर तिची आई. मुलीच्या हातात काय होतं, ते त्यांना आठवेना. दहा मिनिटं गेली. मला वाटलं, संपलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "नारळ." मी कानावर पडेल ते उतरवत होते; गोष्ट कुठली आणि बोलणं कुठलं, हे बघायला सवड नव्हती.

तारे दिसल्यावर त्यांनी पेन घेतलं, दोन ओळी हिब्रूत लिहिल्या आणि खोडल्या. "यात आई रागवायला लागली," म्हणाल्या. "थोडे दिवस जाऊ देत."

ते दिवस मिळाले नाहीत. महिन्याभरात त्या आजारी पडल्या, रीना त्यांना इस्रायलला घेऊन गेली आणि तिथेच त्या गेल्या. त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही. तेच मला जास्त जड जातं.

आता रविवारी रीनाचा फोन येतो. मी माझ्या वहीतून वाचते, ती हिब्रूत लिहून घेते. मागच्या रविवारी शेवटचं पान आलं. बोट सुटते, आई धक्क्यावर उभी आहे. मी पुढची ओळ वाचली: "रडू नकोस गं. चूक झाली तर झाली."

रीना थांबली. "हे पुस्तकातली आई म्हणते का?"

नाही, मी सांगितलं. ते मावशी मला म्हणाल्या होत्या, त्या खुर्चीतून, मागे न बघता. घाईत तेही लिहिलं गेलं. खोडून टाक.

तिनं ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "ठेवते. मला आई असं कधीच म्हणाली नाही."