ट्रेंच खाली आहे

ट्रेंचमधून खणणाऱ्या मारोतीची आरोळी आली तेव्हा महमूद साहेब ट्रेंचच्या काठावर, छत्रीखाली खुर्ची टाकून बसले होते.

"सायेब, खाली हाय!"

साहेबांनी छत्री बाजूला केली. "खाली है?"

"व्हय, खाली हाय!"

"पूरा खाली?"

"पुराच्या पुरा खालीच हाय, सायेब!"

साहेबांनी हॅट काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मिट्टी डाल दो."

निजामाच्या राज्यातली गोष्ट. जुन्या वस्त्या खणून काढणाऱ्या सरकारी खात्यात मी ड्राफ्ट्समन होतो. चुडाव्याच्या स्टेशनावर उतरून बैलगाडीनं गेलं की एक पांढरं टेकाड लागे. तिथे आमचा कॅम्प होता, महमूद साहेब त्याचे प्रमुख. माणसं पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी राहिली, की पडक्या भिंती, राख आणि खापरं साठून जमीन पांढुरकी होते आणि उंच होत जाते. तिला आपल्याकडे पांढर म्हणतात. तिच्यात सरळ भिंतींचा चौकोनी खड्डा घेतात, तो ट्रेंच. तळाला माणसाचा हात न लागलेली कोरी माती आली, की ट्रेंच संपला.

त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं हैदराबादेहून मोठे साहेब येणार होते. त्यांच्या मते हे टेकाड फारसं जुनं नव्हतं आणि कॅम्प उठवायला हवा होता. महमूद साहेब ते अतिप्राचीन असल्याचं वर लिहून बसले होते. त्यांना पुरावा म्हणून निदान एक अखंड भांडं हवं होतं, तेही मूळ जागेवर सापडलेलं. तोवर फक्त खापरं निघाली होती. संध्याकाळपर्यंत काही निघालं नाही, तर कॅम्प उठणार आणि साहेबांना उरलेली नोकरी दफ्तरात खापरांना चिठ्ठ्या लावण्यात काढावी लागणार.

मी दुसऱ्या टोकाला सेक्शन काढत होतो. सेक्शन म्हणजे ट्रेंचच्या भिंतीत दिसणाऱ्या मातीच्या थरांचं चित्र. साहेब जवळ आले.

"देशपांडे, कागज समेट लीजिए. ट्रेंच खाली निकला."

उर्दूत खाली म्हणजे रिकामा. साहेब उर्दूच बोलत. मी कागद गुंडाळायला घेतले.

पोलीस पाटील पहिल्या दिवसापासून बाभळीखाली ठाण मांडून होते. गुप्तधन निघालं तर ते सरकारजमा, आणि त्याला पाटील जबाबदार, असा हुकूम होता. मारोती वर येऊन त्यांच्या कानाशी लागला. "पाटील, खाली हाय. कुदळ ठन्न वाजली."

"कोनाला बोलू नको," पाटील म्हणाले.

लवकरच सगळं गाव टेकाडावर होतं.

गड्यांनी मातीची पहिली टोपली उचलली. पाटलांनी मध्ये काठी आडवी घातली.

"सायेब, माती न्हाई पडायची."

"पाटील, खाली है!"

"म्हनूनच तर!"

"अरे भई, खाली है तो बंद करना पडेगा."

"खाली असताना बंद कसं करता? सरकारला मी काय जाब देऊ?"

"सरकार को हम लिख देंगे कि खाली है."

"मीबी तेच लिवनार!"

दोघांचं पूर्ण एकमत होतं. टोपली तेवढी अधांतरी राहिली.

इतक्यात गंगूबाई नावाची म्हातारी हळदकुंकू आणि लोटाभर दूध घेऊन गर्दीतून पुढे आली.

"यह दूध किस के लिए?" साहेबांनी मला विचारलं.

"नागासाठी. धनावर नाग बसलेला असतो म्हणे."

"खाली जगह में नाग?"

गंगूबाईला तेवढा शब्द कळला. "खालीच असतोय की बाबा. वर कशाला मरायला येतोय?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी मारोतीला विचारलं, "काय खाली आहे?"

"रांजन हाय ओ, नक्शेवाले. वरचा काठ लागला नुसता. बाकी पुरा खाली हाय."

मी साहेबांना म्हणालो, "साहब, यह 'नीचे' कह रहा है."

"नीचे?" साहेबांनी मारोतीकडे पाहिलं, मग पाटलांकडे, शेवटी दुधाच्या लोट्याकडे. हॅट परत डोक्यावर घातली आणि शिडीनं उतरू लागले. त्यांचा गुडघा दुखरा होता. एरवी ते ट्रेंचमध्ये उतरत नसत.

कुदळी बाजूला ठेवल्या. अशा वेळी लहान सुरी आणि ब्रश वापरतात. दुपार कलेपर्यंत रांजणाचा गळा मोकळा झाला, मग पोट दिसू लागलं. तडा नव्हता. तोंडावर एक वाडगं पालथं घातलेलं होतं. पाटलांनी लोकांना मागे सरायला सांगितलं. कोणी सरलं नाही. खुद्द पाटील काठावर पालथे पडून आत पाहत होते.

साहेबांनी वाडगं उचललं. आत भुरी राख होती. ती चमच्यानं काढली. तळाशी जळून काळे पडलेले धान्याचे दाणे होते.

"एवढंच?" पाटील म्हणाले.

"इतना ही!" साहेब म्हणाले. मी त्यांना त्याआधी कधी इतकं खूश पाहिलं नव्हतं.

मोठे साहेब दिवस मावळायच्या आत पोचले. रांजण पाहिला, आजूबाजूचे थर पाहिले, माझा सेक्शन पाहिला. कॅम्प राहिला. नाग काही आला नव्हता. त्यामुळे त्याचं दूध तापवून मोठ्या साहेबांच्या चहात घातलं. चहा चांगला झाल्याचं ते म्हणाले.

गाव केव्हाच उतरून गेलं होतं. पाटील एकटे रांजणापाशी उभे होते. साहेबांनी विचारलं, "पाटील, अब क्या कहते हो?"

"काय म्हनावं? सकाळी तुमीच खरं बोललात, सायेब. खाली हाय."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नियम केला. ट्रेंचमधून ओरडायचं तर आधी वस्तूचं नाव घ्यायचं, आणि खाली हा शब्द कोणीही, कुठल्याही भाषेत उच्चारायचा नाही. मारोतीनं तो काटेकोर पाळला. न्याहारी उरकते न उरकते तोच आरोळी आली.

"सायेब, खापरं! वर काय बी न्हाई!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "यानी?"

मी शिडी आणायला सांगितली. पुढच्या सगळ्या नोकरीत मी तोच क्रम ठेवला: आधी शिडी, मग हुकूम.