मांडवातलं बोलावणं

तार आली आणि माझा थोरला भाऊ नामदेव लढाईत मारला गेल्याचं कळलं. त्यानंतर आईने त्याचं नाव घेतलं नाही.

पुढे काही वर्षांनी, ठाकुर्लीजवळच्या आमच्या गावात माझं लग्न झालं. धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, गायला परगावची एक म्हातारी धवलारीण आली होती. तिचं नाव मी विचारलं नाही. डोळे मिटून ती एकेका देवाला, मग पूर्वजांना लग्नाला बोलवी आणि दर बोलावण्याला चिमूटभर तांदूळ पाटावर सोडी. पूर्वज संपले, तशी ती लढाईत गेलेल्या गावच्या पोरांना हाका मारू लागली. ती नावं तिने सकाळीच दारोदार विचारून घेतली होती.

“अगो, लग्नान मेलेल्यांची नावां कशाला?” आत्या करवादली.

“गावाची मान वर केली त्यांनी. त्यांना बोलवू नको, तं कोनाला बोलवू?” म्हातारीने डोळे न उघडताच विचारलं आणि पुढची चिमूट उचलली. “ये रं नामदेवा, भावाच्या लग्नाला ये.”

मी घाबरून आईकडे पाहिलं. ती उठली, पदर सावरून तिने मांडवात एक पाट मांडला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “माझा पोऱ्या हाय तो.”

ती धवलारीण मला पुन्हा दिसली नाही. नामदेवचा फोटोही आमच्याकडे नाही. गावात लग्नाचा मांडव घातला की त्याला बोलावणं जातं.