शीरखुर्म्याची गल्ली

परवा ईदच्या दिवशी नारायणगावात जीपची वाट बघत व्हतो, तर कुणाच्या तरी घरातून दुधात खारीक शिजल्याचा वास आला आणि जुन्नरची एक गल्ली आठवली. सातवीच्या परीक्षेला पिंपळवंडीहून गेलो व्हतो. बाकीची पोरं नातेवाइकांकडं उतरली, माझं तिथं कुणी न्हाई म्हणून मी शाळेच्या पडवीत एकटा. त्या दिवशीही ईदच व्हती. पेपर सुटल्यावर पेठेत हिंडलो. मारवाड्याच्या दुकानात कापडाचे तागे उलगडत व्हते, पुढच्या गल्लीत अत्तर लावलेली माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत व्हती. एका दारातली म्हातारी म्हणाली, "परीक्षेवाला का रं तू? ये बाळा, शीरखुर्मा खा." पोटात कावळे वरडत व्हते, तरी मी म्हटलं, "न्हाई, जेवलोय." आमच्यात पहिल्या बोलावण्याला हो म्हणणारा हावरट, दुसऱ्यांदा आग्रह झाला की मग बसायचं. ती म्हणाली, "बरं बाबा, पुढचे पेपर नीट लिही," आणि आत गेली. त्या दारावरून मी आणखी तीनदा गेलो, मुद्दाम चपला वाजवत. तुमी म्हणाल, चूक माझीच. मी न्हाई म्हणत. तिनं अजून एकदा म्हणायला पायजे व्हतं.