पाय बघणाऱ्या सुगंधाताई

पहिल्या भेटीत सुगंधाताईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मस्कतजवळच्या सीबमध्ये एकीच्या घरी हळदीकुंकू होतं. मी लग्न होऊन नुकतीच मस्कतला आलेले, नटूनथटून गेलेले, आणि या बाई माझ्या पावलांकडे टक लावून बसलेल्या. मला वाटलं, पैंजण आवडले असतील. तर म्हणाल्या, "भार डाव्या पायावर टाकतेस तू. म्हणजे पळशील उजवीकडे. कबड्डी खेळलीयेस काय गो कधी?"

मी शाळेत लंगडीसुद्धा धड खेळले नव्हते. तरी महिन्याभरात त्यांच्या संघात होते. त्यांना नाही म्हणणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

ताई मूळच्या दापोलीकडच्या. दिनेशभाऊ, त्यांचे यजमान, वादी कबीर भागातल्या एका गॅरेजात मेकॅनिक. आमच्या मराठी मंडळींच्या हिवाळी स्पर्धेत त्या वर्षी पहिल्यांदाच बायकांची कबड्डी ठेवली होती. ताईंनी कुठून कुठून सात जणी गोळा केल्या. दोन शिक्षिका, बँकेतली केतकी, बाकी आम्ही घरच्याच. सुट्टीच्या दिवशी सकाळी सीबच्या किनाऱ्यावर सराव चाले. जाळी आवरता आवरता ओमानी कोळी थांबून बघत आणि आम्ही वाळूत आपटलो की मनापासून हसत.

"तोंड खोटं बोलतं गो," ताई सांगायच्या. "चढाईला आलेली बाई डोळे इकडे करेल आणि घुसेल तिकडे. पाय बघा. पायांना खोटं बोलता येत नाय."

आमची खरी अडचण वेगळीच होती. आम्ही सभ्य होतो. जिच्याकडे काल भिशीला चहा प्यायलो तिचा घोटा धरून खाली पाडायचं, हे हाताला पटेना. उपांत्य सामन्यात केतकीने ऐन चढाईत समोरच्या बाईच्या पायावर पाय दिला आणि सवयीने म्हणाली, "सॉरी!" कबड्डी कबड्डी हा दम तुटला. पंचांनी शिट्टी मारली, केतकी बाद. ताईंनी कपाळावर हात मारला. "माफी मागायची तर मध्यरेषा ओलांडून घरी ये, मग काय मागायची ती माग!" तो सामना आम्ही कसाबसा जिंकलो. एका गुणाने.

अंतिम सामना सोहार शहरातल्या मराठी बायकांच्या संघाशी होता. औद्योगिक वसाहतीतल्या त्या बायका; दणकट, आणि सॉरी वगैरे भानगड त्यांच्यात नव्हती. त्याच्या आदल्या आठवड्यात सराव संपल्यावर ताई पायांवरची वाळू झटकत सहज म्हणाल्या, "गॅरेज बंद झालं. व्हिसा कॅन्सल. शुक्रवारी दुपारचं विमान आहे. खलास."

शुक्रवारी सकाळीच तर सामना होता. केतकीने धीर करून विचारलं, "मग तुम्ही..."

"खेळणार. कॉलेजात होते तेव्हा विद्यापीठाच्या फायनलला पोचलो होतो. त्याच आठवड्यात माझा साखरपुडा ठरला. घरच्यांनी सोडलं नाय. पोरी माझ्याशिवाय खेळल्या आणि हरल्या. मी तेव्हा न खेळता हरले. आता तसं नाय हरायचं."

शुक्रवारी सोहारची बस उशिरा आली. फार उशिरा. मैदानाच्या कडेला दिनेशभाऊ गाडी घेऊन उभे, टपावर दोरीने बांधलेल्या बॅगा. भाऊ वाईट माणूस नव्हे, पण घाबरलेला होता. "अगं, तिकीट जुन्या मालकानं, अर्बाबनं काढलंय. चुकलं तर दुसरं कोण काढून देणार?"

"मध्यंतरापर्यंत थांबा," ताई म्हणाल्या. मध्यंतर झालं. भाऊंनी हॉर्न वाजवला. ताईंनी तिकडे पाहिलंदेखील नाही. मला सामन्याची भीती कमी, हॉर्नची जास्त.

शेवटची चढाई आली तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. ताई स्वतः गेल्या. दम घुमायला लागला. सोहारच्या कोपऱ्यातल्या उंच बाईला ताईंनी हुलकावणी दिली, तिच्या खांद्याला हात लावला आणि वळल्या. आता फक्त घरी यायचं होतं, की बरोबरी झाली. आम्ही बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. तेवढ्यात त्या बाईने आडवी उडी टाकून ताईंचा घोटा धरला. ताई पालथ्या पडल्या, सरपटल्या, हात लांबवला. मध्यरेषा वीतभर लांब राहिली. दम संपला.

ती सोहारची बाई उठली आणि चक्क रडवेली होऊन म्हणाली, "सॉरी ताई."

"सॉरी कसलं गो? पकड झक्कास होती," ताईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "तोंडं पाडू नका. या वेळी खेळून हरले. फरक आहे."

चपला घालायलाही वेळ नव्हता. अनवाणीच त्या गाडीकडे पळाल्या. आम्ही सगळ्या मागे. भाऊंनी गाडी चालू केली होती. ताई हसत होत्या, एकेकीचा गाल ओढत होत्या, दापोलीला या म्हणत होत्या. बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई माहेरी निघालीय.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही. त्यांनीच शिकवलं होतं. एक पाय गाडीत होता. दुसरा, घोट्यावर बोटांचे लाल वळ उठलेला, बाहेर वाळूत रुतवून ठेवलेला.

"यल्ला, चल सुगंधा," भाऊ हळूच म्हणाले.

तो पाय काही केल्या उचलेना.