कॅसेटमध्ये नाव कुणाचं

परवा माझ्या नातीने कपाट आवरताना आमची कॅसेट काढली आणि वरचा फोटो बघून म्हणाली, "आजी, तू गिटार उलटी धरलीयस."

पोरीची नजर बारीक आहे. फोटोत मी आमच्या पापडी गावातल्या वाडीत केळीखाली बसले आहे. अंगावर बहिणीची साडी, मांडीवर गिटार, आणि मान अशी कलती की साऱ्या वसईने आता हातातली कामं टाकून ऐकायला यावं. मला गिटार तेव्हा वाजवता येत नव्हती, आजही येत नाही. वाजवायची माझी धाकटी जाऊ. चर्चच्या गायनमंडळात ती शिकली होती. पण फोटोवाला आला तशी मी गिटार तिच्याकडून काढून घेतली. म्हटलं, गाणाऱ्या बाईच्या हातात काहीतरी शोभेचं हवं.

"मग कळशी घ्या की, वहिनी," ती म्हणाली. तरी बाजूला उभी राहिली, गुणाची बाई.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. गावोगावच्या लग्नांत तेव्हा भाड्याचे भोंगे आले होते आणि मांडव पडला की हिंदी सिनेमाची गाणी सुरू व्हायची. आमची गाणी, म्हणजे विहिरीवर पाणी आणायला जायची, पीठ मळायची, नवरीला न्हाऊ घालायची, ती भोंग्याखाली दबून गेली. ही सगळी गाणी पाठ असलेली आमच्या घरातली शेवटची बाई म्हणजे माझी आत्येसासू. ती वटारला राहायची. तिची भाताची शेती, तिचा दरारा, आणि आता तिचा दमा. दोन ओळी गायल्या की तिला खांबाला टेकावं लागे.

ईस्टरनंतर तिच्या नातीचं लग्न होतं. ती आम्हा दोघी जावांना म्हणाली, "माज्या नातीच्या मांडवात माजी गानी झाली पायजेत. मला दम पुरत नाय. तुमी दोघी कायतरी करा."

कायतरी म्हणजे त्या दिवशी मांडवात दोघींनी बसून गायचं, एवढाच तिचा अर्थ. मी त्याची कॅसेट केली. मांडवात गायले असते तर वटारने ऐकलं असतं. कॅसेट काढली की आगाशीपासून नायगावपर्यंत लोक ऐकणार. मी तर आरशासमोर उभी राहून "गाणी आवडली का?" असं विचारायचा सरावही केला होता.

रेकॉर्डिंगची खोली तुळिंजला, पिठाच्या गिरणीच्या वर. गिरणी दुपारी बंद असायची तेवढ्यात गायचं. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, मधे काच, काचेपलीकडे मशीनवाला. एक गिटार, एक आवाज, बाकी काही नाही. मशीनवाल्याने ढोलकी सुचवली, तर जाऊ म्हणाली, "नको, ताल धरायला लोकांना पाय आहेत."

आमच्या गाण्यांची एक रीत आहे, ती इथे सांगायला हवी. त्यांत माणसांची नावं घालावी लागतात. पाण्याला कोण निघाली, हळद कोणी वाटली, नवरीला पाटावर कोणी बसवलं, असं दर कडव्याला विचारायचं आणि घरातल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं. तेही मानाच्या क्रमाने. मामाआधी काका घेतला तर मामा जेवायला बसत नाही. म्हणून गाणारीच्या उजव्या हाताला एक बाई बसते, ती कानात नाव सांगते, मग गाणारी ते गाते. नाव विसरलं तर ठपका सांगणारीवर, गाणारी सहीसलामत. मोठी सोयीची रीत.

मी ठरवलं, मला सांगणारी नको, सगळं तोंडपाठ आहे. आणि नावं घातली ती माझ्या माहेरची. आई, मावशी, तिन्ही भाऊ, भावाची लंगडी म्हैस सोडून सगळे. नमुन्याची टेप घरी वाजली तेव्हा सासूबाई शेंगा सोलत होत्या.

"चांगलं झालंय," त्या म्हणाल्या. "तुझ्या माहेरी लग्न आहे का कोणाचं?"

त्यानंतर दोन दिवस घरात माझ्याशी फक्त मांजर बोलत होतं.

मग मी दुसरी शक्कल काढली. नावंच गाळली. नुसता मामा, नुसती मावशी, कोणालाही चालेल असं. ती टेप घेऊन आम्ही वटारला गेलो. आत्येसासूने पहिलं कडवं ऐकलं आणि हात वर केला.

"मामा म्हनजे कोनाचा मामा?"

"कोणाचाही, आत्या. ज्याचं लग्न त्याचा."

"असा मामा नसतो," ती म्हणाली. "मामाला तोंड असतं, मिशी असते. हे बंद कर. त्यापेक्षा सिनेमाची लावा, त्यात निदान हिरो तरी कोन ते कळतं."

परतताना जाऊ रिक्षात पिशवीतल्या गिटारचा गळा धरून बसली होती. "वहिनी, आत्यालाच रेकॉर्डिंगला घेऊन जाऊ या," ती म्हणाली. "ती नावं सांगेल, तुम्ही गा. तिच्या घरचीच होऊ दे कॅसेट. बाकीच्या गावांचं जाऊ दे." आगाशी ते नायगाव माझ्या डोळ्यांसमोरून निघून गेलं. पण लग्न तोंडावर आलं होतं. मी हो म्हटलं.

आत्येसासूला तुळिंजचा जिना चढवला, मधल्या पायरीवर बसवून, पुन्हा चढवला. मशीनवाल्याने तिला काचेपलीकडे खुर्ची दिली, कारण आतल्या खोलीत तिच्या श्वासाचा आवाज टेपवर येत होता. आम्ही आत. जाऊने सूर धरला, मी पाण्याचं गाणं उचललं. नावाची जागा आली तशी सवयीने उजवीकडे वळले. काचेपलीकडे आत्येसासूचे ओठ हलले. मला काहीच ऐकू आलं नाही.

मी गप्प राहिले. जाऊ थांबली नाही. नावाच्या जागेची चाल तेवढी तिने वाजवली, आणि मी पुढची ओळ उचलली. पुढच्या कडव्यालाही तेच. मी काचेकडे बघतेय, आत्या तोंड हलवतेय, गिटार चाललीय. मी चिडले, पण गाणं सोडलं नाही. गाणं संपल्यावर मशीनवाला दार उघडून म्हणाला, "मॅडम, मधे मधे शब्द विसरलात. परत घेऊ या."

"आधी ऐकू दे," जाऊ म्हणाली.

त्याने टेप लावली. आम्ही बाहेर येऊन उभ्या राहिलो. माझा आवाज आला, मग तो मोकळा तुकडा, नुसती गिटार. आणि त्या तुकड्यात आत्येसासूने पदर सावरून आपल्या थोरल्या भावाचं नाव घातलं. सुरात, बरोबर मात्रेवर. पुढची ओळ माझी. पुढच्या मोकळ्या जागेत तिच्या वहिनीचं नाव. अख्खं गाणं ती अशी गायली, आणि एकदाही टेकली नाही. एका नावापुरता दम तिच्याकडे होता. बाकीचं ओझं मी वाहत होते.

"हे असंच ठेव," ती मशीनवाल्याला म्हणाली.

"आजी, लोक म्हणतील कॅसेट खराब आहे."

"ज्याला मानसं नायत तो म्हनंल."

सगळी गाणी आम्ही तशीच केली. पुढे एका दुकानदाराने खरंच विकायला दिलेल्या कॅसेटचा एक गठ्ठा परत आणून टाकला, की आवाज तुटतोय म्हणून. जाऊने त्याच्याच दुकानात टेप लावून त्याच्या बायकोला तिच्या भावांची नावं घ्यायला लावली. गठ्ठा तिथेच राहिला. आणि आगाशी काय, नायगाव काय, मी सोडून दिलेली सगळी गावं त्या मोकळ्या जागांत येऊन बसली. प्रत्येकाने आपापला मामा आणला.

वटारच्या मांडवात भोंग्यावर पहिल्यांदा आमची कॅसेट लागली तेव्हा पहिली मोकळी जागा मोकळीच गेली. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. दुसऱ्या जागेत आत्येसासूने खुर्चीतूनच नाव घातलं, आणि मग साऱ्या बायकांना रीत आठवली. नवरीची आत्या, काकू, शेजारीण, परदेशी असलेला चुलता, सगळे झाले. माझ्या जावेचं नाव आलं. मी केस नीट करून माझ्या नावाची वाट बघत होते. गाणी संपत आली. शेवटच्या जागेत आत्येसासूने भोंगेवाल्याचं नाव घेतलं.

मी जवळ जाऊन म्हटलं, "आत्या, माझं राहिलं."

तिने पाण्याचा घोट घेतला. "तू तर सकाळपासून भोंग्यात बसून ओरडतेयस," ती म्हणाली. "आनि किती पायजे तुला?"